दगडावर छापलेले पंचांग

(विज्ञानाच्या गोष्टी – मोठ्या गटासाठी. लहान गटातल्या मुलांना पालकांनी वाचून दाखवावे.)

मुलांनो, तुमच्या हातातले हे पान झेरॉक्स केलेले आहे. तुमच्यापैकी कुणीतरी वहीत मराठी अक्षरे लिहिली, आम्ही ती कागदावर चिकटवली आणि यंत्राने काही मिनिटांत सगळ्यांसाठी प्रती काढून दिल्या. यात तुम्हाला काहीच विशेष वाटणार नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत एखाद्याला चार पानांच्या शंभर प्रती हव्या असत्या, तर त्याला काय करावे लागले असते? बोरू घ्यायचा, शाईत बुडवायचा आणि चारशे पाने लिहीत बसायचे! आजच्या पाठात आपण या अडचणीवर सापडलेला एक उपाय पाहणार आहोत. तो उपाय जर्मनीतल्या एका नाटककाराला सापडला, मुंबईतल्या एका मराठी माणसाने तो आपलासा केला, आणि त्याच सुमारास आपण आज राहतो त्या न्यूझीलंडमध्येही पहिले पुस्तक छापले गेले.

एकोणिसाव्या शतकाची सुरुवात

१८०० च्या आसपासची तीस-चाळीस वर्षे म्हणजे शोधांचा सुकाळ होता. आधी ही छोटी यादी वाचा.

१७९६ – इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी देवीच्या रोगावर लस टोचली. १८०२ च्या जूनमध्ये ही लस मुंबईला पोचली आणि तिथे ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती प्रथम टोचली गेली.
१८०० – इटलीच्या व्होल्टा यांनी विजेची पहिली बॅटरी जाहीर केली.
१८१४ – लंडनचे 'टाइम्स' वर्तमानपत्र वाफेच्या यंत्रावर छापले गेले.
१८१६ – फ्रान्सच्या लेनेक यांनी छातीचे ठोके ऐकण्यासाठी स्टेथोस्कोप बनवला.
१८२० – डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसले, की तारेतून वीज गेली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते.
१८२९ – लुई ब्रेल यांनी अंधांसाठी ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी स्टीफन्सनच्या 'रॉकेट' इंजिनाने शर्यत जिंकली.
१८३१ – फॅरेडे यांनी लोहचुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून दाखवली.

या यादीतली बरीच नावे तुमच्या इथल्या शाळेतल्या पुस्तकातही असतील. पण १८३१ च्या ओळीत आम्हाला आणखी एक नाव लिहावेसे वाटते. ते शाळेच्या पुस्तकात सापडणार नाही. ते नाव आहे मुंबईचे गणपत कृष्णाजी. त्यांची ओळख होण्यापूर्वी आपल्याला जर्मनीतल्या म्युनिक शहरात जायला हवे.

धोब्याचा हिशेब आणि एक दगड

ॲलॉइस सेनेफेल्डर यांचा जन्म १७७१ साली प्राग शहरात झाला. त्यांचे वडील नट होते. वडील वारल्यावर ॲलॉइस यांना कायद्याचे शिक्षण सोडावे लागले. ते नाटके लिहीत, पण ती छापून घ्यायला लागणारा पैसा त्यांच्याकडे नसे. तेव्हा, "आपणच छपाईची एखादी स्वस्त रीत शोधून काढू," असे त्यांनी ठरवले. तांब्याच्या पत्र्यावर कोरून पाहिले, पण तांबे महाग. मग त्यांनी गुळगुळीत चुनखडीचा दगड घेतला. म्युनिकपासून फार लांब नसलेल्या सोल्नहोफेन गावच्या खाणींत असा दगड भरपूर मिळे.

सेनेफेल्डर यांनीच पुढे लिहून ठेवलेली हकीकत अशी आहे. १७९६ साली एक दिवस आईने त्यांना धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी लिहून घ्यायला सांगितले. हाताशी कागद नव्हता. म्हणून मेण, साबण आणि काजळी यांपासून केलेल्या शाईने त्यांनी ती यादी समोरच्या दगडावरच लिहिली. पुसण्यापूर्वी त्यांच्या मनात आले, की या अक्षरांचा छाप घेता येईल का? त्यानंतर दोन वर्षे ते प्रयोग करत राहिले आणि १७९८ च्या सुमारास त्यांची रीत पूर्ण झाली. धोब्याच्या यादीची गोष्ट गमतीची आहे खरी, पण शोध लागला तो त्या पुढच्या दोन वर्षांच्या खटपटीतून, हे लक्षात ठेवा.

दगड छापतो कसा?

त्या आधीच्या छपाईत दोन रीती होत्या. एक तर अक्षर उंच ठेवायचे, म्हणजे आपण रबरी शिक्का मारतो तसे. किंवा अक्षर खोल कोरायचे आणि त्या खाचेत शाई भरायची. सेनेफेल्डर यांच्या दगडावर अक्षर ना उंच होते, ना खोल. दगड अगदी सपाट. मग शाई फक्त अक्षरालाच कशी लागली?

याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो, तेल पाण्यात मिसळत नाही. तेलकट वस्तू पाण्याला दूर लोटते आणि तेलाला जवळ करते. सेनेफेल्डर यांनी हाच गुण वापरला. त्याच्या पायऱ्या अशा:

१. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहायचे. चुनखडी ही शाईतला स्निग्ध भाग धरून ठेवते.
२. दगडावरून डिंकाचे पाणी फिरवायचे. त्यात किंचित आम्ल घालतात. यामुळे कोरी राहिलेली जागा पाणी धरून ठेवण्यास तयार होते.
३. दगड ओला करायचा. कोऱ्या जागेवर पाणी बसते. तेलकट अक्षरावर ते ठरत नाही.
४. आता तेलात खललेली छपाईची शाई रुळाने फिरवायची. ओली जागा या शाईला दूर ठेवते. अक्षरे मात्र तिला धरतात.
५. वर कागद ठेवून दाब द्यायचा, आणि कागद उचलायचा. छाप तयार!
६. पुढच्या प्रतीसाठी पुन्हा ओले करायचे, पुन्हा शाई फिरवायची.

एक अडचण राहते. शिक्क्यासारखा छाप उलटा येतो, म्हणून दगडावर आरशात दिसते तसे उलटे लिहावे लागे. सेनेफेल्डर यांनी त्यावरही उपाय काढला. खास कागदावर सुलट लिहायचे आणि तो कागद दगडावर दाबून अक्षरे दगडावर उतरवायची. ती आपोआप उलटी होतात, आणि छापल्यावर पुन्हा सुलट.

या छपाईला मराठीत 'शिळाछाप' म्हणतात. शिळा म्हणजे दगड. ज्या छापखान्यात हे काम चाले तो 'शिळाप्रेस'.

जाता जाता एक गंमत. याच सोल्नहोफेनच्या खाणींत १८६१ साली पिसांचा ठसा असलेला एक प्राचीन जीव दगडात सापडला. त्याचे शास्त्रीय नाव आहे आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. दुसऱ्या शब्दाचा अर्थ साधारणपणे 'शिळाछापाच्या दगडातला' असा होतो!

मराठीची अडचण

तुम्ही म्हणाल, छपाई तर युरोपात त्या आधी साडेतीनशे वर्षे चालू होती. मग मराठी पुस्तके का छापली जात नव्हती?

अगदीच छापली जात नव्हती असे नाही. १८०५ साली बंगालमधील सेरामपूर इथे विल्यम कॅरी या मिशनऱ्यांनी मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत छापले. त्यांना मदत करणारे पंडित होते वैजनाथ शर्मा. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ साली मराठी छपाई सुरू केली, पण त्यासाठी लागणारे खिळे कलकत्त्याहून आणावे लागले. खिळे म्हणजे शिशाच्या मिश्रधातूत ओतलेली सुटी अक्षरे. ती एकापुढे एक जुळवून ओळ तयार करायची.

इंग्रजीसाठी मोठी-लहान मिळून बावन्न अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे असली की काम भागते. आपल्या देवनागरीचे काय? वहीत 'क' ची बाराखडी लिहून पाहा. बारा आकार झाले. आता 'ख' ची, 'ग' ची, अशी सगळ्या व्यंजनांची बाराखडी मोजा. चारशेच्या आसपास आकार होतील. त्यात क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, ष्ट अशी जोडाक्षरे अजून धरलेलीच नाहीत. वेलांटी डोक्यावरून येते, उकार पायाशी बसतो, रफार शेंडीसारखा वर उभा राहतो. म्हणजे एक तर प्रत्येक आकार वेगळा ओतायचा, नाही तर अक्षरांच्या वर आणि खाली काना-मात्रांच्या वेगळ्या ओळी लावायच्या. दोन्ही कामे वेळखाऊ आणि खर्चिक.

दगडाला या कशाचीच फिकीर नव्हती. हाताने जे लिहाल ते दगड छापतो. वळणदार अक्षर असलेला एक लेखनिक, एक दगड आणि शाई एवढ्यावर मराठी पुस्तक निघू शकते. म्हणून १८२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारनेही शिळाछापाची यंत्रे आणवली.

गणपत कृष्णाजी

आता आपण १८३१ सालापर्यंत आलो. तेव्हा मुंबईत मराठी छपाई होत होती, पण छापखाने कुणाचे? मिशनचे आणि सरकारचे. मिशन छापे ती धर्मप्रसाराची पुस्तके आणि सरकार छापे ती शाळेची व कचेरीची. आपल्या घरात लागणारे, सणावाराचे काही छापावे असे मराठी माणसाच्या मनात आले, तर यंत्र मात्र दुसऱ्याच्या हातात.

गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनची छापलेली पुस्तके पाहिली, आणि आपणही आपले ग्रंथ असेच छापावेत असे त्यांना वाटले. त्यांची माहिती आपल्याला मिळते ती गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकातून. गणपत कृष्णाजींनी हे काम कुठल्या शाळेत जाऊन शिकून घेतले नाही. त्यांनी लाकडी यंत्र स्वतः उभे केले, दगड मिळवून त्यावर छाप घेऊन पाहिले आणि शाईही स्वतःच तयार केली. हे जमल्यावर मग लोखंडी यंत्र आणले. १८३१ साली, म्हणजे शके १७५३ मध्ये, त्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले.

पंचांगच का बरे? तुमच्या घरी भिंतीवर किंवा कपाटात पंचांग असेल तर काढून पाहा. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण अशी पाच अंगे त्यात असतात, म्हणून ते पंच-अंग. एकादशी कधी, चतुर्थी कधी, लग्नाचा मुहूर्त कोणता, हे सगळे त्यावरून ठरे. बहुतेक पुस्तके एकदा उतरवून घेतली की पिढ्यान् पिढ्या पुरतात. पंचांगाचे तसे नाही. ते गुढीपाडव्याला सुरू होते आणि वर्षाने जुने होते. म्हणजे दर वर्षी नव्याने गणित, दर वर्षी नव्याने हाताने नक्कल. नक्कल करताना एक आकडा चुकला तर एकादशी दुसऱ्याच दिवशी! ज्याच्या इतक्या प्रती दर वर्षी लागतात आणि ज्यात आकडेच आकडे आहेत, अशा पुस्तकाला छपाईचा उपयोग सर्वांत जास्त. गणपत कृष्णाजींची ही निवड अचूक होती.

शाईतले तूप

आता या गोष्टीतला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग. तुम्हाला आठवते ना, शिळाछापाची शाई तेलकट हवी? युरोपात त्यासाठी जनावराची चरबी वापरत. छापील पुस्तकाच्या शाईत चरबी असते, असे मुंबईत सोवळे पाळणाऱ्या लोकांच्या कानावर गेले. ते म्हणू लागले, अशा शाईने छापलेली पोथी आम्ही देवासमोर कशी ठेवू? तिला हात कसा लावू?

आज कुणाला हे ऐकून हसू येईल. पण थोडा विचार करा. लोकांची माहिती खोटी नव्हती, आणि आपल्या पूजेत काय चालते व काय चालत नाही हे ठरवण्याचा त्यांना हक्क होता. मग गणपत कृष्णाजींपुढे दोन रस्ते होते. लोकांना अडाणी म्हणून सोडून द्यायचे, किंवा शाई बदलायची. त्यांनी शाई बदलली. चरबीच्या जागी त्यांनी तूप वापरले असे सांगतात.

तूप का चालले असेल, हे तुम्ही आता स्वतः सांगू शकता. दगडाला चरबीच हवी असे काही नसते. त्याला हवा असतो स्निग्ध पदार्थ, जो पाण्याला दूर लोटेल. तो गाईच्या तुपातून आला काय किंवा आणखी कशातून आला काय, दगडाला सारखेच. ज्याला नुसती कृती पाठ असते, तो कृतीतली एक वस्तू मिळेनाशी झाली की थांबतो. ज्याला ती वस्तू कशासाठी घातली आहे हे कळलेले असते, तो तिच्या जागी दुसरी शोधतो. आई इथे काही पदार्थ मिळत नाहीत म्हणून त्यांच्याऐवजी दुसरे घालून तीच चव आणते, त्यातलाच हा प्रकार. आम्ही गणपत कृष्णाजींना फॅरेडे यांच्या ओळीत बसवले ते यासाठी. त्यांनी नवा नियम शोधला नाही, पण दुसऱ्याने शोधलेला नियम त्यांना पुरता समजला होता.

पुढे त्यांनी खिळ्यांचा छापखानाही काढला. पंचांगानंतरच्या वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' हे मराठीतले पहिले वृत्तपत्र निघाले. ते मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत असे. याच बाळशास्त्रींनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले आणि त्यातून भूगोल, इतिहास व विज्ञान हे विषय मराठीत आणले. ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात.

त्याच वेळी इथे, पाईहियात

आता मुंबईहून आपण राहतो त्या देशात येऊ. बे ऑफ आयलंड्सला सुट्टीत गेलेल्या मुलांना पाईहिया गाव ठाऊक असेल. 'दर्पण' निघाल्यावर तीन वर्षांनी तिथे काय घडले पाहा.

माओरी भाषा तोपर्यंत तोंडी होती. पाठांतर, वंशावळी आणि गाणी यांतून तिचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जाई. १८२० साली माओरी सरदार होंगी हिका आणि वाइकाटो हे टॉमस केंडल या मिशनऱ्यांबरोबर इंग्लंडला गेले. तिथे केंब्रिजचे प्राध्यापक सॅम्युअल ली यांनी त्यांच्या मदतीने माओरीचे व्याकरण तयार केले आणि ही भाषा रोमन लिपीत कशी लिहायची हे ठरत गेले.

१८३४ च्या डिसेंबरअखेर विल्यम कोलेन्सो हे तरुण मुद्रक छपाईचे लोखंडी यंत्र घेऊन पाईहियाला उतरले. सामान उघडून पाहतात तो काय, निम्म्या वस्तू आलेल्याच नाहीत! खिळे ठेवायचे कप्पे नाहीत, छापायचा कागदही नाही. सुताराकडून काही करून घेतले, मिशनमधल्या लोकांनी आपापला लिहायचा कागद दिला, आणि १७ फेब्रुवारी १८३५ रोजी बायबलमधील दोन पत्रांचे सोळा पानांचे माओरी पुस्तक छापून झाले. प्रती होत्या फक्त पंचवीस. पण १८३७ साली संपूर्ण नवा करार माओरीत छापून झाला तो पाच हजार प्रतींचा. पुढे १८४० च्या फेब्रुवारीत वाइटांगी कराराच्या माओरी मजकुराच्या प्रतीही कोलेन्सो यांनीच छापल्या.

कोलेन्सो यांचे एक काम मात्र मुंबईच्या मानाने सोपे होते. माओरी भाषेला रोमन लिपीतली चौदाच अक्षरे पुरतात! (कोणती चौदा, ते तुम्ही स्वाध्यायात शोधायचे आहे.) त्यामुळे खिळ्यांचे थोडेच कप्पे लागले.

म्हणजे चार-पाच वर्षांच्या अंतराने, हजारो मैल दूर असलेल्या दोन बंदरांत एकच गोष्ट चालली होती. मुंबईला आणि पाईहियाला यंत्र आणले मिशनऱ्यांनी, आणि त्यावर काय छापायचे तेही त्यांनीच ठरवले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी यंत्र आपल्या हातात घेतले. इथे माओरींनी काय केले?

व्हिएन्नाहून आलेले यंत्र

१८५८ च्या डिसेंबरमध्ये 'नोव्हारा' हे ऑस्ट्रियाचे जहाज शास्त्रज्ञांना घेऊन ऑकलंडला आले. परत जाताना त्यावर विरेमु तोएतोए आणि ते हेमारा रेरेहाउ हे दोन माओरी तरुण चढले आणि व्हिएन्नाला पोचले. तिथल्या सरकारी छापखान्यात त्यांनी छपाईचे काम शिकून घेतले. निघताना बादशहाकडून भेट काय हवी, असे विचारल्यावर त्यांनी छपाईचे यंत्र मागितले अशी हकीकत आहे. १८६० साली ते यंत्र घेऊन परतले. त्यावर न्गारुआवाहिया इथे 'ते होकिओई' हे माओरी वृत्तपत्र छापले गेले. त्याचे संपादक होते पातारा ते तुही. त्यातून माओरी राजाच्या बाजूचे म्हणणे माओरी लोकांनी स्वतः मांडले. १८६३ साली वाइकाटोवर फौजा चालून आल्या आणि ते पत्र थांबले. ते यंत्र पुढे ते आवामुतुच्या संग्रहालयाने जपले.

दगडापासून झेरॉक्सपर्यंत

शिळाछापातून आणखी शोध निघाले. फ्रान्सचे निसेफोर निएप्स यांना शिळाछापाची आवड होती, पण चित्र काढता येत नसे. मग दगडावर किंवा पत्र्यावर सूर्यप्रकाशालाच चित्र काढायला लावता येईल का, असे प्रयोग त्यांनी केले. १८२६-२७ च्या सुमारास त्यांनी घेतलेले खिडकीबाहेरचे दृश्य हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने कॅमेऱ्याने घेतलेले छायाचित्र मानतात.

आणि झेरॉक्स? अमेरिकेतल्या चेस्टर कार्लसन यांना कचेरीच्या कामात कागदपत्रांच्या प्रती सारख्या लागत. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांनी पहिली प्रत काढली. त्यात दगड नाही आणि पाणीही नाही. जिथे अक्षर आहे तिथे स्थिर वीज राहते, ती काळ्या भुकटीला ओढून घेते, आणि उष्णतेने भुकटी कागदावर पक्की होते. झेरॉक्स हे नाव ज्या शब्दावरून आले त्याचा अर्थच 'कोरडे लिखाण' असा आहे. तेल-पाण्याची जागा विजेने घेतली. पण दगडाचा मोठा गुण झेरॉक्सनेही राखला: तुम्ही हाताने जे लिहाल, तेच छापून येते.

घरी करून पाहा

साहित्य: कोरा जाड कागद, मेणबत्ती, तूप, खोबरेल तेल, कापूस, पाण्यात पातळ केलेला जलरंग, ब्रश.

कृती: कागदावर एकाखाली एक तीन 'ग' काढा. पहिला मेणबत्तीने, दुसरा कापसाला तूप लावून आणि तिसरा तसाच खोबरेल तेलाने. (सध्या थंडी असेल तर तूप व तेल थिजलेले मिळेल, ते बरेच.) पाच मिनिटे थांबा. आता सगळ्यांवरून पातळ रंगाचा ब्रश एकदाच फिरवा. कोणत्या अक्षराने रंगाला सर्वांत नीट दूर ठेवले? कोणते पसरट झाले? वहीत लिहून आणा. सगळ्यांचे निकाल आपण फळ्यावर मांडू.

दुसरा खेळ: आपले नाव असे उलटे लिहा, की आरशात धरल्यावर सुलट वाचता येईल. किती वेळ लागला ते मोजा, म्हणजे शिळाप्रेसच्या लेखनिकाचे कष्ट कळतील.

शब्दार्थ

शिळा – दगड
बोरू – लिहिण्यासाठी तासलेली वेताची किंवा बांबूची काडी
काजळी – दिव्याच्या धुराने जमणारी काळी पूड
स्निग्ध – तेल-तुपासारखा ओशट
खिळे – छपाईची धातूची सुटी अक्षरे
मुद्रक – छपाई करणारा
लेखनिक – दुसऱ्यासाठी लिहून देणारा
शके – शालिवाहन शक. चैत्र ते डिसेंबर या काळात इसवी सनातून ७८ वजा केले की मिळतो.

स्वाध्याय

१. सपाट दगडावरची शाई फक्त अक्षरांनाच का लागते? चार वाक्यांत लिहा.
२. चरबीऐवजी तूप वापरून काम का भागले?
३. या वर्षीच्या गुढीपाडव्याला कोणता शके सुरू झाला? गणित करून दाखवा.
४. माओरी भाषेला लागणारी चौदा रोमन अक्षरे शोधा. शाळेतल्या माओरी शिक्षकांची मदत घ्या.
५. भारतात गुढीपाडवा वसंत ऋतूत येतो. इथे तो कोणत्या ऋतूत येतो? मुंबईच्या पंचांगातली सूर्योदयाची वेळ आपल्याला इथे का चालत नाही?
६. आजी-आजोबांना फोन करून विचारा: त्यांच्या लहानपणी घरात कोणते पंचांग येत असे, आणि पाडव्याला ते कोण वाचून दाखवी? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

पालकांसाठी

हा पाठ मुलांबरोबर वाचताना एक प्रश्न तुम्हालाही पडेल. भाषा छापली गेली म्हणजे ती टिकली का? या देशाचा अनुभव सांगतो, की तेवढे पुरत नाही. एकोणिसाव्या शतकात माओरीत पुस्तके आणि वृत्तपत्रे निघत होती. पण १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी आली, पुढे घराघरांतूनही माओरी कमी होत गेली, आणि शंभर वर्षांनी ती बोलणारी मुले फार थोडी उरली. १९७२ साली तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला. १९८२ साली पहिली कोहांगा रेओ, म्हणजे भाषेची बालवाडी, सुरू झाली. तिथे आज्या नातवंडांशी माओरीत बोलू लागल्या. १९८७ साली माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. भाषेत पुन्हा जीव आला तो लहान मुलांशी ती बोलली जाऊ लागल्यावर.

आपली स्थिती निराळी आहे. महाराष्ट्रात मराठी कोट्यवधी लोक बोलतात. पण या गावात, आपल्या मुलांपुरती, ती आपल्या घराएवढीच मोठी आहे. म्हणून आमची विनंती आहे, की स्वाध्यायातला सहावा प्रश्न टाळू नये. मुलाचे अक्षर वेडेवाकडे आले, ऱ्हस्व-दीर्घ चुकले, तरी ते स्वतः लिहून कोरे करू नका. मुलांच्या हस्ताक्षरातली पाने आम्ही जशीच्या तशी पुढच्या अंकात घेणार आहोत. पाने पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईने आणि एकाच बाजूला लिहिलेली असावीत, म्हणजे झेरॉक्स स्वच्छ येते.